नाशिक ते लडाख: दोन मुलं, एक तंबू आणि राहून गेलेलं पँगाँग

लडाखहून परत येऊन महिना होत आला. सोसायटीतल्या आणि शाळेतल्या पाच-सहा जणींनी आतापर्यंत एकच विचारलं: सहा वर्षांच्या पोराला तिकडे नेलंत कसं, आणि तेही तंबूत? प्रत्येकीला तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा क्रमाने लिहून ठेवते. आम्ही चौघं: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, नवरा अंबडच्या एका कारखान्यात, थोरली अकरा वर्षांची आणि धाकटा सहाचा. हिमालयात आधी कोणीच गेलेलं नव्हतं. आमचा सगळ्यांत उंच अनुभव कळसूबाईचा, म्हणजे १,६४६ मीटर.

२०२४च्या जानेवारीत ठरलं. तंबूचा आग्रह थोरलीचा होता. मला तो पटला, कारण मुलं हॉटेलच्या खोलीत कंटाळतात आणि तंबूभोवती दिवसभर रमतात. पण थंडीची भीती होती, म्हणून पहिली चाचणी माहेरी घेतली, निफाड तालुक्यात. जानेवारीतली निफाडची थंडी द्राक्षवाल्यांना विचारावी. मणी तडकू नयेत म्हणून रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतात. भावाच्या बागेशेजारी तंबू ठोकला आणि गार वारा नको म्हणून सगळ्या चेन घट्ट लावून झोपलो. पहाटे छत आतून ठिबकत होतं. चौघांचा श्वासच पाणी होऊन अंगावर पडत होता. दुसऱ्या रात्री वरची जाळी चार बोटं उघडी ठेवली, तर झोपायच्या पिशव्या कोरड्या राहिल्या आणि थंडीही काही जास्त वाजली नाही. ही एक गोष्ट घराजवळ शिकलो ते फार बरं झालं. तंबू ९,००० रुपयांना विकत घेतला. झोपायच्या पिशव्या मात्र नाशिकमधल्या एका ट्रेकिंगवाल्याकडून भाड्याने आणल्या.

फेब्रुवारीत मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोघांची छाती-कान तपासले, रक्त तपासायला लावलं आणि मग अर्धा तास समजावून सांगितलं. उंचीचा त्रास वय किंवा ताकद पाहून होत नाही. मोठा माणूस डोकं दुखतंय म्हणतो, लहान मूल ते सांगत नाही. ते चिडचिड करतं, खेळायचं थांबतं, जेवण ढकलतं. तेव्हा तोच त्रास आहे असं धरून चालायचं. त्रास असताना आणखी वर जायचं नाही, वाढला तर थांबून बघत बसायचं नाही, खाली उतरायचं. उंचीसाठी देतात त्या गोळीबद्दलही बोलणं झालं. ती सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना चालत नाही आणि लहानांना डॉक्टरांनी वजनावरून मात्रा ठरवल्याशिवाय द्यायची नसते. आमच्यासाठी त्यांनी जे ठरवलं ते इथे लिहीत नाही, कारण ते आमच्या मुलांसाठी होतं. तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारा.

त्यांचं शेवटचं वाक्य आमच्या अख्ख्या सहलीचा आराखडा ठरलं. ३,००० मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये. आता अडचण अशी की दिल्लीहून विमानाने लेहला उतरलं की दीड तासात माणूस साडेतीन हजार मीटरवर असतो. नकाशा घेऊन बसलो तेव्हा लक्षात आलं की लेहच्या पश्चिमेला सिंधूच्या कडेने उतरत गेलं तर अल्ची गाव सुमारे ३,१०० मीटरवर आहे, विमानतळापासून ७० किलोमीटरच्या आत. लेहमध्ये न थांबता थेट अल्चीला जायचं आणि पहिल्या तीन रात्री तिथेच काढायच्या, असं ठरवलं. मुलं बरोबर असतील तर मी कोणालाही हेच सांगेन.

मग आली तिकिटांची कसरत. आमची गाडी १८ मेची होती. १६ मार्चला लोकसभेच्या तारखा जाहीर झाल्या आणि नाशिकचं मतदान निघालं २० मेला. एप्रिलमध्ये माझ्या हातात मतदान केंद्राच्या ड्यूटीचा आदेश आला. रेल्वेची तिकिटं रद्द केली, विमानाच्या तारखा बदलल्या, त्यात ११,००० रुपयांच्या आसपास गेले. नव्या तारखेची राजधानी वेटिंगवर मिळाली आणि ती पक्की होईपर्यंत मी रोज सकाळी पीएनआर बघत होते. पाच वर्षांपुढच्या मुलाला बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं, हेही हिशेबात धरा. शिवाय सुट्टी असली तरी मुख्यालय सोडण्याच्या परवानगीचा अर्ज वेगळा द्यावा लागला. तो मंजूर होऊन यायला नऊ दिवस लागले. शिक्षक-बंधुभगिनींनी निवडणुकीच्या वर्षी तारखा लागण्याआधी बुकिंग करू नये.

१९ मेला साहित्य ताब्यात घेऊन केंद्रावर मुक्काम, २० मेला मतदान, यंत्रं जमा करून घरी पोचायला रात्रीचे दोन. २१ मेच्या संध्याकाळी नाशिकरोडहून राजधानी. गाडीत बसल्यावर मी आधी बारा तास झोपले.

२२ मेचा दिवस दिल्लीत काढायचा होता आणि त्या आठवड्यात दिल्ली अक्षरशः भाजत होती. मुलांना खोलीबाहेर काढलंच नाही. सामानाची शेवटची वाटणी तिथे केली: पॉवर बँक हातातल्या बॅगेत, तंबूच्या खुंट्या आणि सुरी मोठ्या बॅगेत. गॅसची डबी विमानात अजिबात चालत नाही, त्यामुळे स्टोव्ह घरीच ठेवला होता. मोबाइलचं काम फेब्रुवारीतच उरकलं होतं. बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिमं लडाखमध्ये चालत नाहीत, म्हणून नवऱ्याने आपला नंबर पोस्टपेड करून घेतला.

२३ मेला पहाटेचं विमान. लेहची विमानं सकाळीच असतात, दुपारनंतर दरीत वारा सुटतो. खिडकीतून बर्फाची शिखरं दिसली तेव्हा धाकटा गप्प झाला, आणि तो गप्प होणं ही आमच्या घरात मोठी गोष्ट आहे. विमानतळावर उतरल्यावर मी सगळ्यांना हळू चालायला लावलं. चार पावलांवर धाप लागत होती. बाहेर टॅक्सीवाले दादा उभे होते. लडाखीत थोरल्या भावाला अचो म्हणतात आणि आदरार्थी पुढे ‘ले’ लावतात, म्हणून मुलांनी पहिल्याच दिवसापासून त्यांना ‘अचो-ले’ म्हणायला सुरुवात केली. त्यांच्या बोटाला शाई होती, माझ्याही बोटाला होती. लडाखचं मतदानही २० मेलाच झालं होतं. दोघांनी बोटं दाखवली आणि ओळख झाली.

टॅक्सीबद्दल एवढं सांगते: बाहेरची भाड्याची गाडी इथे फिरायला चालत नाही, स्थानिक टॅक्सीच घ्यावी लागते. संघटनेचे दर छापलेले असतात, त्यामुळे घासाघीस फार होत नाही. आमचे सगळ्या दिवसांचे मिळून ५४,००० रुपये झाले. तिकिटांनंतरचा सगळ्यांत मोठा खर्च हाच.

अल्चीच्या वाटेवर निम्मूजवळ सिंधू आणि झंस्कारचा संगम लागतो. आसपासचे डोंगर जांभळे, हिरवट, विटकरी, आणि त्यांवर गवताची काडी नाही. आमच्या मुलांना डोंगर म्हणजे ब्रह्मगिरी, अंजनेरी: काळा कातळ, आणि जूनपासून हिरवागार. थोरलीने विचारलं, इथे पाऊसच पडत नाही का? लेहमध्ये वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पडतो. आपल्या इगतपुरीला तेवढा एका दिवसात पडलेला तिने पाहिला आहे. मोसमी ढग हिमालयाच्या पलीकडेच रिते होतात आणि इकडे कोरडा वारा येतो. भूगोलाच्या पुस्तकातलं ‘थंड वाळवंट’ हे मी वर्गात कितीदा शिकवलं असेल, पण नाकाची आतली कातडी कोरडी पडून रक्त आलं तेव्हा त्या शब्दाचा अर्थ कळला. त्यावर उपाय आजीचाच: झोपताना बोटभर गायीचं तूप नाकपुड्यांना आतून लावायचं. रोज उपयोग झाला.

आमचा तंबू एका घराच्या जर्दाळूच्या बागेत लागला. रात्रीचे ८०० रुपये, त्यात सकाळचा चहा आणि खंबीर नावाची जाड रोटी. घरच्या आजींना सगळे ‘आमा-ले’ म्हणत, आम्हीही तेच म्हणू लागलो. पहिले दोन दिवस काहीही बघायचं नाही, फक्त पाणी प्यायचं आणि सावलीत बसायचं, हा नियम मी कडक पाळला. धाकट्याला पहिल्या रात्री भूक नव्हती. मेतकूट-भाताचे चार घास खाल्ले आणि झोपला. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर नाशिकमध्ये त्याचं ९८ दाखवायचं, इथे ८९-९०. या उंचीवर ते कमी दिसतंच, पण बोट गार असेल तर यंत्र आणखी चुकीचं दाखवतं. आधी हात चोळून गरम करा, मग लावा.

त्या रात्री बुद्धपौर्णिमा होती. दरवर्षी या दिवशी आपल्याकडे त्रिरश्मी लेण्यांवर रीघ लागते. इथे गावात दिवे लागले होते आणि डोंगरामागून चंद्र वर आला तसा अख्खा उघडा डोंगर उजळला, झाडांची सावली नाही, काही नाही. मी तंबूच्या दारात बसून राहिले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच मतदान केंद्राचे कागद डोक्यातून गेले.

संडासाबद्दल लिहायलाच हवं, कारण मुलांना तीच धास्ती असते. गावात कोरडे संडास असतात: वरच्या खोलीत जमिनीला भोक, शेजारी माती-राखेचा ढीग आणि फावडं. पाणी टाकायचं नाही. खालचं वर्षभरात खत होऊन शेतात जातं. धाकटा पहिल्या दिवशी रडला, तिसऱ्या दिवशी फावडं कोण मारणार यावरून बहिणीशी भांडला. ओले रुमाल बरोबर न्या आणि वापरलेले परत आणा, त्या खड्ड्यात टाकू नका.

मला तिथे सगळ्यांत जवळचं वाटलं ते पाणी. बागेतून हातभर रुंद पाट वाहत होता, वरच्या बर्फाचं वितळलेलं पाणी. दुपारी आमा-लेंनी दोन दगड हलवले, मातीचा गोळा लावला आणि पाणी त्यांच्या वाफ्यात वळलं. ठरलेल्या वेळी पुन्हा बंद. कोणाला कधी पाणी द्यायचं हे पाहणाऱ्या गावच्या माणसाला तिकडे छुरपोन म्हणतात. आपल्या बागलाणात मोसम-आरम नद्यांवर फड पद्धत आहे, तिथे हेच काम पाटकरी करतो. मी नवऱ्याला म्हटलं, बघ, पाणी कमी असलं की माणसं सगळीकडे एकाच शहाणपणापर्यंत येतात. आमा-लेंना हिंदी थोडं येत होतं. निफाडला आमचीही पाण्याची पाळी रात्री-बेरात्री येते, हे सांगितल्यावर त्या मनापासून हसल्या.

तिसऱ्या दिवशी अल्चीचं जुनं देऊळ पाहिलं, जवळजवळ नऊशे-हजार वर्षांपूर्वीचं. आत फोटो काढू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तीन मजली सुमत्सेग मंदिरात उंच मूर्ती आहेत, त्यांच्या धोतरांवर बारीक चित्रं काढलेली, एकेका बोटाएवढी माणसं आणि मंदिरं. टॉर्च घेऊन जा. थोरली तिथे पाऊण तास उभी होती. २६ मेच्या सकाळी तंबू आवरून लामायुरूला जाऊन आलो आणि संध्याकाळी लेह गाठलं. लामायुरूला एका आटलेल्या प्राचीन तलावाचा पिवळट गाळ वाऱ्या-पाण्याने कोरला गेला आहे, त्याला मूनलँड म्हणतात. गाळावर चढू नका, तो सहज ढासळतो.

लेहमध्ये दोन रात्री गेस्ट हाउसमध्ये काढल्या. मधला दिवस कागदांचा. नुब्रा खोरं आणि पँगाँग तलावासाठी लेह प्रशासनाच्या पोर्टलवर फॉर्म भरून पर्यावरण शुल्क, वन्यजीव शुल्क आणि रेड क्रॉसचं योगदान भरावं लागलं. माणशी सहाशेच्या आत आलं. प्रत्येकाचं आधार लागतं, मुलांचंही. जायची ठिकाणं यादीतून निवडायची असतात. जाऊ की नाही ठरत नसेल तरी सगळी निवडून टाका. मी नुब्राकडची तुर्तुक, दिस्कित, हुंडर ही गावं आणि पँगाँग, सगळ्यांवर खूण केली. दुपारी पोर्टल दोन तास अडकलं, पैसे गेले आणि पावती आली नाही. ती संध्याकाळी आली. म्हणून हे काम निघायच्या आदल्या दिवसावर ठेवू नका. पावतीच्या पाच प्रती काढा, नाक्यावर एकेक देत जावी लागते.

२८ मेला नुब्राच्या वाटेवरची ‘खारदुंग ला’ ही खिंड. सकाळी नऊला निघालो, आणि हीच आमची चूक. ५,३५९ मीटरवरच्या त्या खिंडीत पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही असं ठरलं होतं. पण वर पोचायच्या थोडं आधी रस्त्यावर बर्फ घसरला होता आणि गाड्यांची रांग लागली. आम्ही दोन तास दहा मिनिटं अडकलो. अर्ध्या तासाने धाकट्याने गोष्ट ऐकणं थांबवलं. मग डोकं माझ्या मांडीत खुपसलं. मग उलटी. ऑक्सिमीटरवर ७६. मागे वळायला जागा नाही, पुढे जायला वाट नाही. मी त्याला सरळ बसवून धरलं, घोटघोट पाणी दिलं आणि त्याचं नाव घेऊन सारखी बोलत राहिले. अचो-लेंनी खाली उतरून पुढच्या गाडीवाल्यांना सांगितलं की आत आजारी मूल आहे. रस्ता मोकळा झाला तेव्हा त्या अनोळखी लोकांनी एकेक करून आम्हाला पुढे घेतलं. मी त्यांचे चेहरे विसरणार नाही.

खिंडीत थांबलो नाही, फोटो नाही. उत्तरेकडे उतरत खारदुंग गावापर्यंत आलो तेव्हा त्याने डोळे उघडून विचारलं, “आई, बिस्किट आहे?” मला रडू आलं. दिस्कितच्या सरकारी दवाखान्यात दाखवलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी छाती तपासली, तासभर बसवून ठेवलं, उतरल्यामुळे तो सावरलाय म्हणाल्या. पण पुढे कुठे जाणार, हे विचारलं. पँगाँगला सव्वाचार हजार मीटरवर रात्र काढायची, असं सांगितल्यावर त्यांनी एवढंच म्हटलं: “तलाव कुठे जात नाही.”

त्या रात्री हुंडरला तंबूबाहेर बसून आम्ही दोघांनी ठरवलं, पँगाँग नाही. थोरलीला सांगणं कठीण गेलं. तिने वर्षभर त्या निळ्या पाण्याचं चित्र कपाटाला चिकटवलं होतं. ती काही बोलली नाही, भावाच्या पिशवीची चेन नीट लावली आणि आत जाऊन झोपली.

हुंडर सुमारे ३,१०० मीटरवर आहे, म्हणजे झोपायला चांगलं. तिथे खरीखुरी वाळूची टेकाडं आहेत आणि मागे बर्फाचे डोंगर. दोन वशिंडांचे उंट आहेत, यारकंदच्या व्यापारी वाटेवरून आलेल्या उंटांचे वंशज. तंबू गेस्ट हाउसच्या आवारात होता, जमीन सगळी भुसभुशीत. दुपारी चारला वारा सुटला आणि खुंट्या एकामागून एक उपटल्या. तेव्हा अचो-लेंनी शिकवलेला उपाय: कापडी पिशवीत वाळू भरायची, दोरी तिला बांधायची आणि पिशवी हातभर खोल पुरायची. चारही कोपरे रात्रभर हलले नाहीत. निफाडच्या मातीत हे शिकायला मिळालं नसतं.

पँगाँगऐवजी ३० मेला श्योक नदीच्या कडेने तुर्तुकला गेलो, हुंडरहून ८० किलोमीटर आणि त्याहून थोडं खालीच. १९७१च्या युद्धात हे बाल्टी लोकांचं गाव भारताकडे आलं, आणि पर्यटकांना तिथे २०१०पासून जाता येतं. दगडी घरं, गव्हाची शेतं, गल्लीतून वाहणारं पाणी. धाकटा गावातल्या पोरांबरोबर दीड तास पळत होता. मला तो पळताना बघायचं होतं, दुसरं काही नको होतं.

परतीला पुन्हा तीच खिंड. रात्रभर डोळा लागला नाही. ३१ मेला पहाटे चारला निघालो. नाक्यावर आमच्यापुढे दोनच गाड्या होत्या आणि थंडीने रस्ता घट्ट होता. दिवस चढला की बर्फ वितळून रस्ता खराब होतो आणि गाड्या अडकतात, म्हणून पहाटेच निघावं. माथ्यावर न थांबता पार झालो. त्याचं डोकं थोडं दुखलं, उलटी नाही. लेहमध्ये उतरल्यावर त्याने दोन वाट्या थुक्पा संपवला.

१ जूनला दिल्ली, २ जूनला गाडी, ३ जूनला नाशिकरोड. गाडी-विमान, टॅक्सी, मुक्काम, जेवण, तंबू आणि बुडालेले पैसे धरून चौघांचा खर्च १,८५,००० रुपये झाला. हीच सहल आणखी थोडी लांबवता आली असती, तर मी लेहनंतर दोन रात्री वाढवून पँगाँगचा विचार पुन्हा केला असता.

पावतीच्या पाच प्रतींपैकी दोनच नाक्यांवर लागल्या. उरलेल्यांपैकी एक थोरलीने मागून घेतली. तिच्यावर ठिकाणांच्या यादीत पँगाँगचं नाव छापलेलं आहे. कपाटावरच्या चित्राशेजारी तिने ती चिकटवली आहे, आणि खाली पेन्सिलीने तारखेसाठी जागा सोडली आहे.